लाइन आल्यानंतरची दहा मिनिटं

मोझरीत लाइन गेली की ते डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. दिवेलागणीची वेळ असते. सामुदायिक प्रार्थना सुरू असते, आमच्या आळीतला भोंगा बोलत असतो, घराघरांतून टीव्हीचे आवाज, पंख्यांची घरघर, कोपऱ्यावरच्या पीठगिरणीचा फटफटणारा पट्टा, आणि हे सगळं एका झटक्यात खाली बसतं. मग इतका वेळ दबलेला एक आवाज वर येतो. प्रार्थनेला बसलेल्या माणसांचा, भोंग्याशिवायचा, मोकळ्या गळ्याचा. त्यात एखादी म्हातारी अर्धी ओळ मागे असते, एखादं पोर अर्धी ओळ पुढे. भोंग्यातून हे कधी ऐकू येत नाही. अंधार पडलेला असतो, तरी कुणी उठत नाही. प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ आहे.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की तिवश्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच आमचं गाव. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाला पुढे सारं जग तुकडोजी महाराज म्हणून ओळखू लागलं. त्यांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला आणि मोझरीच्या नावाआधी गुरुकुंज लागलं. महाराजांच्या हातातली खंजिरी वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला फोटोतून ठाऊक आहे. पंज्याहून थोडी मोठी लाकडी कडी, एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं, कडेच्या फटींत पितळी चकत्या. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं, मग ते विस्तवाजवळ धरून शेकायचं, बोटानं टिचकी मारून पाहायची, पुन्हा शेकायचं. एवढीच तिची दुरुस्ती. पुढे माइक आले, भोंगे आले, भजनं फितीवर उतरली, आणि माणसं गेल्यावरही त्यांचे आवाज मागे राहू लागले. मात्र त्या दिवसापासून त्या आवाजांना वीज लागू लागली. जो गळा आयुष्यभर खंजिरीवर चालला तो आता ऐकायचा तर भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटावर भिस्त ठेवावी लागते. वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरातल्या रेडिओ-डेकचं काय करायचं हा प्रश्न शहरातल्या हौशी माणसाला छोटा वाटेल. आमच्याकडे तो देवघराशेजारचा प्रश्न आहे.

देवघराशेजारी म्हणजे अगदी खरोखर. आमच्या बैठकीच्या खोलीत देवळीला लागून सागवानी फळ्यांचं कपाट आहे. वरच्या खणात व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याखाली कॅसेट डेक, त्याखाली अमरावतीत बनवून घेतलेला ॲम्प्लिफायर, आणि कपाटाच्या दोन अंगांना गावातल्या सुतारानं ठोकून दिलेल्या पेट्यांतले स्पीकर. ही सगळी बाबांची मांडणी. रेडिओचा काटा वर्षानुवर्षं ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर. हे केंद्र १९४८ सालचं. बाबा त्याच्या आधी जन्मलेले, त्यामुळे रेडिओ नसलेलं घर त्यांना आठवत होतं, आणि म्हणूनच असलेल्या रेडिओची किंमतही. डेकमध्ये बहुतेक वेळा भजनी मंडळाची कॅसेट असे. लोक येत, पाया पडून बसत, ‘जयगुरू’ म्हणत, आणि चहा होईपर्यंत दोन भजनं ऐकत.

लाइन गेली की बाबा अंधारात उठत. कंदील, मेणबत्ती नंतर. त्यांचा हात आधी डेककडे जाई आणि थांबवण्याचा खटका ‘खट्’ करून वर येई. मग ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर. मग बटणं बंद, आणि सर्वांत शेवटी भिंतीतल्या पिना बाहेर. क्रम कधी बदलला नाही. लहानपणी मला ही त्यांची शिस्त वाटे. यंत्र उघडलेलं पाहिल्यावर कळलं की त्या प्रत्येक हालचालीला कारण होतं.

डेकमध्ये दाभणाच्या जाडीचा एक पोलादी दांडा फिरतो. त्याच्यावर रबराचं छोटं चाक दाबून बसतं आणि या दोघांच्या चिमटीतून फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. जुन्या डेकचे खटके यांत्रिक. लाइन गेली तरी दाबलेला खटका दाबलेलाच राहतो, मोटर थांबते, पण रबर दांड्यावर तसंच रुतून राहतं. मे महिन्याची रात्र, खोलीत भट्टी, आणि लाइन यायला पहाट. रबराला खाच पडते. मग दर फेऱ्याला ती खाच दांड्यावरून जाते आणि सूर एकदा हलतो. सरळ लावलेला षड्ज थरथरतो. ऐकणाऱ्याला वाटतं गाणारा थकला. कधी फीत रबराला चिकटते आणि लाइन आल्यावर चाकाभोवती गुंडाळत आत ओढली जाते. चुरगळलेली फीत पेन्सिलीनं परत गुंडाळली तरी तेवढ्या जागी आवाज कायमचा दबका होतो. एक खटका वर केला की हे सगळं टळतं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर सुई तबकडीवरून उचलून ठेवायची, कारण तेच.

आवाज शून्यावर आणण्याचं कारण वेगळं. लाइन येते त्या क्षणी डेक, रेडिओ, ॲम्प्लिफायर एकदम जागे होतात, आणि प्रत्येकाच्या पोटातला विजेचा दाब स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. त्या गडबडीतला धक्का ॲम्प्लिफायर मोठा करून स्पीकरला देतो. ‘धप्प’ असा जो आवाज आपण ऐकतो तो स्पीकरच्या कागदी शंकूला बसलेला गुद्दा असतो. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये यासाठी रिले असतो. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आत ‘टिक्’ वाजतं आणि मगच स्पीकर जोडला जातो. ती टिक् ऐकायची सवय ठेवावी. ती एरवी वाजते आणि आज वाजली नाही, तर आत काही बिघडलंय आणि रिलेनं स्पीकर वाचवलाय.

राहिल्या पिना. बटण बंद केलं तरी पीन का काढायची, हे समजायला लाइन येते कशी ते माहीत हवं.

आपण म्हणतो लाइन आली. उपकेंद्रातल्या माणसाच्या दृष्टीनं ती एवढी सरळ येत नाही. ११ हजार व्होल्टचा फीडर वादळात उडालेला असतो. कुठे फांदी पडली, कुठे जंप तुटला, कुठे रोहित्राचा डिओ, म्हणजे फ्यूज, खाली लोंबतोय हे पाहून झालं की फीडर चालू करून बघतात. दोष शिल्लक असेल तर तो पुन्हा उडतो. पुन्हा शोध, पुन्हा चालू. घरातल्या माणसाला हे लाइनीची ये-जा म्हणून दिसतं. आली, पोरांनी ‘आली’ म्हणून ओरडेपर्यंत गेली, पुन्हा आली. यातली प्रत्येक ये आणि प्रत्येक जा म्हणजे एकेक धक्का. शिवाय ज्या क्षणी लाइन येते त्या क्षणी गावातले सगळे पंखे, फ्रीज, कूलर, वावरातल्या मोटरी, सगळं एकदम वीज ओढतं. मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या कैक पट प्रवाह घेते. दाब आधी खाली जातो, मग मोटरी वेगात आल्या की वर उसळतो. आमच्याकडचा एक लाइनमन चहाला टेकला होता तेव्हा त्यानं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं: “लाइन आली म्हनून लगेच काही लावू नोका जी. सबस्टेशनवाला चार्ज करून पाह्यते, फॉल्ट असला का पुन्हा उडते. धा मिनिटं टिकू द्या, मंग लावजा.”

दहा मिनिटं टिकू द्या. या विषयावर मी जेवढं वाचलं, जेवढं मेकॅनिककडून ऐकलं, त्यात याहून मोलाचं काही नाही. वीज जाते तेव्हा यंत्राला फारसं काही होत नाही. जे व्हायचं ते ती परत येताना होतं.

मोझरीच्या माणसाला थांबणं अवघड जाऊ नये. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारचे चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली असताना देह ठेवला. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला त्याच मिनिटाला इथे मौन श्रद्धांजली असते. कपाशीला बोंडं फुटू लागलेली असतात, सोयाबीन निघालेलं असतं, आणि दुरून दुरून पालख्या, दिंड्या, ट्रॅक्टर, एसटीच्या गाड्या भरभरून माणसं आलेली असतात. दिवसभर भजनं, घोषणा, पोंगे, लाउडस्पीकर. चारनंतर गर्दी आवरती होते. मग ते मिनिट येतं आणि सगळं थांबतं. हमरस्त्यावरच्या गाड्यासुद्धा. ज्यानं ते मौन मैदानात उभं राहून ऐकलंय त्याला सांगायला नको की लाखो माणसं गप्प उभी असली तरी शांततेला वजन असतं. कुठे तरी लेकरू रडतं आणि ते पार दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. लाउडस्पीकर चालूच असतात, त्यांच्यातून फक्त एक बारीक सळसळ येत राहते. मग प्रार्थनेचा स्वर निघतो आणि गाव पुन्हा चालू लागतं. लाइन आल्यावर हात बटणाकडे गेला की मला ते मैदान आठवतं आणि हात आपोआप मागे येतो.

२००५ साली जुन्या वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि त्याच सुमाराला भारनियमनाचे दिवस कडक झाले. खेड्यांत दिवसाचे कित्येक तास लाइन नसे. पण त्या जाण्यायेण्याला वेळापत्रक होतं, पेपरात छापून येई. माणूस तयार असे. आता भारनियमन उरलं नाही म्हणावं इतकं कमी झालं, लाइन जाते ती वादळानं. रोहिणी नक्षत्रात दिवसभर तापलेल्या जमिनीवरून संध्याकाळी वावधन उठतं, धुळीची भिंत सरकत येते, कडुनिंबाच्या काटक्या तारांवर पडतात. विजा चमकू लागल्या की पीन काढण्याशिवाय दुसरं संरक्षण नाही. बंद बटण म्हणजे तारेतली दोन-तीन मिलिमीटरची फट. आभाळातून मैलभर आलेल्या विजेला ती फट काही वाटत नाही. आणि पीन एकटी नाही. डिशची केबल, अँटेनाची तार, इंटरनेटची तांब्याची वायर, ज्या ज्या वाटेनं काही घरात येतं त्या वाटेनं वीजही येते. टीव्हीतून होम थिएटरला गेलेल्या एका बारीक केबलमुळे दोन्ही गेल्याची उदाहरणं गावात आहेत.

दुसरा शत्रू न्यूट्रल. याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात आणि नुकसान तोच जास्त करतो. डी.पी.वरून, म्हणजे रोहित्रावरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज आणि न्यूट्रल मिळून घराला २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये मोजलं तर चारशेच्या वर. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत प्रत्येक घर आपापल्या वाट्याचं खातं. जुवाची शिवळ निसटली की एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे पडतो, तसं न्यूट्रल तुटल्यावर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना ओढू लागतात. ज्या बाजूला फ्रीज, कूलर, इस्त्री असा भार जास्त, तिथे दाब पडतो. जिथे भार कमी, तिथे तो साडेतीनशे-पावणेचारशेवर चढतो. म्हणजे ज्या घरात संध्याकाळी फक्त एक दिवा आणि एक रेडिओ चालू असतो, त्याच घराला सर्वांत मोठा फटका. पंखा एकाएकी पिसाटल्यासारखा फिरू लागला, दिवा नेहमीपेक्षा पांढराफक्क पेटला, तर विचार करत बसू नये. मेन स्विच पाडावा.

आताच्या यंत्रांना हा दाब अधिक का बाधतो त्याचा हिशेब सोपा आहे. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये आधी जाडजूड ट्रान्सफॉर्मर असे, तो पुष्कळसा मार स्वतः खाई. आजच्या होम थिएटरमध्ये, साउंडबारमध्ये, ब्लूटूथ स्पीकरच्या चार्जरमध्ये लाइन सरळ आत जाते, तिचं एकदिश प्रवाहात रूपांतर होतं आणि ती एका कपॅसिटरमध्ये साठते. २३० व्होल्टची लाइन असली की त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात. कपॅसिटर असतो ४०० चा. न्यूट्रल गेला आणि लाइन पावणेचारशेवर गेली की त्याच कपॅसिटरवर पाचशेच्या वर जातात. तो फुगतो, वरची फुली उमलते, फुटतो. रिमोटनं बंद केलेलं यंत्र यातून सुटत नाही. रिमोटनं पडदा जातो, दिवा लाल होतो, आत लाइन तशीच असते.

बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणारी पट्टी या बाबतीत अपुरी आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तिच्यात मटाराएवढी-बोराएवढी एक चकती असते, एमओव्ही म्हणतात तिला. क्षणभराचा उसळता दाब ती अंगावर घेते आणि जिरवते. मिनिटभर टिकणारा चढा दाब तिला जाळून टाकतो, आणि जळाल्यावरही पट्टीचा दिवा पेटतच राहतो. न्यूट्रलच्या दोषावर इलाज एकच: दाब ठरल्या मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारं आणि दाब ठीक झाल्यावरही काही मिनिटं थांबून मग जोडणारं यंत्र. काही स्टॅबिलायझरमध्ये ही सोय असते, मेन बोर्डात बसणारे व्होल्टेज प्रोटेक्टरही मिळतात. घरच्या सगळ्या यंत्रांच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. आणि अर्थिंग. कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडते. आमच्याकडची काळी माती भेगाळते, पट्टीभोवतीची मातीच सुटून येते. संत्र्याच्या झाडाला पाणी घालता तेव्हा एक बादली त्या खड्ड्यात ओतावी.

एवढं करूनही एखाद्या वेळी यंत्र मुकं होतं. मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी आमचा ॲम्प्लिफायर असाच गेला. भजन चालू होतं, दिवा पांढरा झाला, आणि मेन स्विचपर्यंत पोचायच्या आत स्पीकरमधून घोगरा ‘खर्र’ आला. लाइन गेली, आली, टिकली. ॲम्प्लिफायर उठला नाही. अशा वेळी आधी नाक वापरावं. पेटीच्या जाळीशी नाक नेलं की जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वार्निशचा उग्र वास ओळखू येतो, फुटलेल्या कपॅसिटरचा मासळीसारखा वेगळा. मग त्याच सॉकेटात दिवा लावून पाहावा, कारण पुष्कळदा बोर्डाचाच फ्यूज गेलेला असतो. मग, पीन काढून, यंत्राच्या मागचा काचेचा फ्यूज. आतली तार मधोमध नीट तुटलेली दिसली तर दोष बहुधा हलका. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर आत कुठे तरी थेट शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूज घालणं म्हणजे तोही जाळणं. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती यंत्राच्या आणि घराच्या जिवावर उठणारी आहे. झाकण उघडण्याचं धाडसही घरी करू नये. पीन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती माणसाला फेकून देऊ शकते. आमच्या फ्यूजची काच काळी होती.

अमरावतीला इतवाऱ्याकडच्या एका बोळात म्हाताऱ्या मेकॅनिक काकांचं दुकान आहे. टेबलापुढे दोन माणसं उभी राहिली की दुकान भरतं. त्यांनी झाकण काढलं, पण लाइन दिली नाही. खणातून शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला. असे बल्ब आता सहज मिळत नाहीत, त्यांनी ते चिंधीत गुंडाळून जपून ठेवलेत. “डायरेक लाइन नाही द्याची,” ते म्हणाले, “आंधी बल्बले इचाराचं.” बल्ब लाइनीच्या वाटेत जोडायचा, म्हणजे यंत्राला जाणारा सगळा प्रवाह बल्बमधून जातो. यंत्र धड असेल तर बल्ब एकदा भक्कन पेटतो, कपॅसिटर भरले की मंदावतो, आणि तारेत फक्त लालसर निखारा उरतो. आत शॉर्ट असेल तर तो पेटलेलाच राहतो. आमचा बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला. काकांनी मान हलवली, लाइन काढली, कपॅसिटर रेझिस्टरवर रिकामा केला, आणि मीटरची सुई एकेक डायोडला लावत गेले. चारांपैकी दोन गेले होते. ते बदलले. बल्ब पुन्हा लावला. या खेपेला तो भक्कन पेटला, आणि मग हळूहळू, पाहत राहावं असा, खाली येत तांबूस होऊन थांबला.

स्पीकर तरी लगेच जोडला नाही. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर आधी मीटर. तिथे एकदिश दाब शून्याच्या आसपास हवा. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल तर तिथे तीस-चाळीस व्होल्ट उभे असतात. स्पीकर जोडताच शंकू एका बाजूला जाऊन अडकतो आणि आतलं वेटोळं जळतं. आमच्या २एन३०५५ च्या जोड्या वाचल्या होत्या. मग स्पीकर तपासायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल. दोन तारा टेकवल्या की ‘टक्’, आणि शंकू तांदळाच्या दाण्याएवढा पुढे येतो. तो टक् स्वच्छ असला की स्पीकर जिवंत. खरखरला तर वेटोळं घासतंय. हे घरीही करता येतं, त्यात काही धोका नाही.

सगळं जोडल्यावर भजनामागे एक घूं राहिली होती. काकांनी डोळे मिटून ऐकलं. घूं दोन प्रकारची असते. लाइन सेकंदाला ५० वेळा फिरते, तिची घूं जाड, खर्जातली. ती बहुधा दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या फेऱ्यातून येते, आणि सगळ्यांच्या पिना एकाच बोर्डात घातल्या तर पुष्कळदा जाते. डायोडांतून गेल्यावर तीच १०० होते, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. ती ऐकू आली तर कपॅसिटर सुकले समजावं. पेटीवाल्याला सप्तकाचा फरक सांगावा लागत नाही, आणि काका तरुणपणी भजनात पेटीवर बसत. “वरची हाय,” एवढंच म्हणाले आणि कपॅसिटर शोधायला खण उघडला.

ॲम्प्लिफायर घरी आणल्यावर पहिली लावली ती मंडळाची जुनी कॅसेट. तीत एक जागा आहे. बाबांचा आवाज आहे, मागे खंजिरी, कुणीतरी खोकतंय, आणि ध्रुवपद चढत असताना रेकॉर्डिंगच्या वेळी लाइन गेली आहे. फीत वाजत असताना लाइन गेली तर मोटर मंदावते आणि आवाज खोल विहिरीत उतरल्यासारखा जाड होत बुडतो, हे सगळ्यांनी ऐकलंय. रेकॉर्ड करताना गेली तर उलटं होतं. फीत मंदावत असताना जे उमटलं ते पुढे पूर्ण वेगानं वाजतं, म्हणून आवाज वर वर चढत जातो. बाबांचा तो शेवटचा शब्द पातळ होत होत लहान मुलाच्या आवाजाएवढा उंच जातो. मग एक टक्, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच संध्याकाळचं भजन मधूनच सुरू. त्या रात्री अंधारात प्रार्थना पुढे चाललीच असणार. फितीवर तेवढी उतरलेली नाही.

ती कॅसेट मी आता संगणकावर उतरवून घेतली आहे, त्या जागेसकट. ज्यांच्याकडे अशा फिती आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की थांबू नका. कॅसेटच्या आत फितीमागे दाब देणारी नमद्याची बारीक गादी असते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या कॅसेटचं कवच वाकतं. वाजवण्याआधी फीत एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. स्पीकरपुढे मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर थेट लॅपटॉपला द्या, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, म्हणजे अर्थिंगची जाड घूं येणार नाही आणि मध्येच लाइन गेली तर लॅपटॉप तरी बंद पडणार नाही. प्रती दोन करा, एक घरात, एक गावाबाहेरच्या कुणाकडे. डेक दुरुस्त करणारी माणसं अमरावतीत आता मोजकी उरली आहेत आणि त्यांचं वय झालंय. पुढचा मृग लागायच्या आत हे करून घ्या.